उजव्या हाताची कसोटी

माणसाला हात दोन असतात, हे झालं शरीरशास्त्र. सरकारदरबारी आणि देवघरात मात्र त्याला एकच हात असतो, आणि तो उजवा. डावाही आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण चारचौघांत त्याचा उल्लेख करत नाहीत.

मी बुलढाण्याच्या जिल्हा कचेरीत परत आलेल्या शिपायांच्या टेबलावर कारकून आहे. नाव नारायणराव, हुद्दा लहान, अक्षर मोठं. बसऱ्याकडची तुर्कांशी झालेली लढाई संपून तीन वर्षं झाली, पण तिचे कागद अजून माझ्यापर्यंत पोहोचतच आहेत. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं असल्यामुळे आमचे कागद आधी नागपूरला जातात, तिथून आणखी पुढे जातात, आणि परत येताना वाटेतला प्रत्येकजण त्यावर एकेक शंका काढतो. (शंका काढण्याबद्दल सरकार वेगळा पगार देत नाही, हे काम सगळे हौसेने करतात.)

जखमी शिपायाची पेन्शन बंद झाली की तो अपील करतो. पाय गेलेल्याचं काम सोपं असतं, कारण पाय नाही हे कारकुनालाही दिसतं. मनगटाचं तसं नाही. मनगट जागच्या जागी असतं, पुढे पाचही बोटं असतात, आणि शिपाई म्हणतो की ते वळत नाही. मनगटाच्या दहा अपिलांपैकी नऊ नामंजूर होतात. दहावं सापडत नाही.

खरं मनगट कोणतं आणि बहाण्याचं कोणतं, याचा स्थानिक अहवाल मी लिहितो. त्यासाठी मी एक कसोटी शोधून काढली आहे, आणि तिच्यामुळे मला लवकरच बढती मिळणार असं मी घरी बरेच दिवस सांगत आलो आहे. अर्जदार व्हरांड्यात येऊन बसला की मी सहज विचारतो, "तंबाखू आहे का हो?" आमच्या भागात तंबाखूला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. तो चंची सोडतो, तंबाखू देतो, आणि कोणत्या हाताने देतो ते मी पाहून ठेवतो. (मला तंबाखूचं व्यसन नव्हतं. कसोटीपायी लागलं. त्याबद्दल मी अजून अपील केलेलं नाही.)

शालिग्राम हा जानेफळचा. लढाईत तो खेचरांच्या पलटणीत होता. ओझ्यासकट एक खेचर त्याच्या हातावर कोसळलं, मनगटाचं हाड वाकडं जुळलं, हातातला जोर गेला, आणि उजवा तळवा कायमचा जमिनीकडे पाहू लागला. वर्षभर पेन्शन मिळाली, मग थांबली. ती पुन्हा सुरू झाली असती तर वर्षाच्या बोलीवर सालदार गडी ठेवून तो आपलं शेत आपणच कसणार होता; नाहीतर शेत भावाकडे जाणार आणि हा भावाच्या ओट्यावर बसून जेवणार, असं घरात ठरलं होतं. स्वतः पेरायचं तर तिफणीच्या चाड्यात बी सोडायला उजवी मूठ लागते. डाव्या मुठीने पेरलेलं उगवत नाही, असं गावाचं मत आहे. बियाण्याचं मत कोणी घेतलेलं नाही.

तो आला तेव्हा बायको तानुबाई सोबत होती. मी तंबाखू मागितली. तिने चुना लावून मळून त्याच्याजवळ दिली. त्याने ती उजव्या चिमटीत धरली आणि डाव्या हाताने उजवं कोपर उचलून माझ्यापुढे केलं. वडीलधाऱ्याला काही द्यायची रीत हीच आहे, उजव्याने द्यायचं आणि डावा कोपराला लावायचा. इतरांचा डावा हात तिथे अदबीसाठी असतो. शालिग्रामचा ओझं उचलत होता. मला अदबच दिसली. फार बरंही वाटलं, कारण घरी मला कोणी असं काही देत नाही. मी अहवालात लिहिलं, "अर्जदार उजव्या हाताने देतो, व सफाईने देतो." अपील नामंजूर झालं.

आठवडाभरात तानुबाई कचेरीत हजर झाली.

"बाबूजी, त्याईनं उजव्या हातानं देलं म्हून पेन्शन गेली काय?"

मी हो म्हणालो.

"मंग काय तुमाले डाव्या हातानं द्याव? तुमीच म्हनले असते का जानेफळच्या मानसाले वळन नाही."

म्हणालो असतो. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण अहवालात त्याला रकाना नव्हता. मी तिला फुकट सल्ला दिला की पुन्हा अपील करा. तपासणीचे गोरे साहेब येणार आहेत, त्यांच्या हातात शालिग्रामने अर्ज डाव्या हाताने द्यायचा, म्हणजे उजवा चालत नाही हे आपोआप सिद्ध होईल. त्याची तालीम व्हरांड्यातच झाली. साहेब मी झालो (या जन्मात तेवढंच). शालिग्राम डाव्या हातात कागद धरून उभा राहिला, आणि हात काही वर येईना.

"काऊन? उचला नं," तानुबाई म्हणाली.

"उठूनच नाही राह्यला वं," तो म्हणाला. "माय असती त तिनं मारलं असतं मले."

म्हणजे आता त्याचे दोन्ही हात निकामी झाले होते, पण अपील एकाच हाताचं होतं.

साहेब आले त्या दिवशी मात्र त्याने डोळे मिटले आणि डावा हात पुढे केला. साहेबांच्या उजव्या हातात चिरूट होता, त्यामुळे त्यांनीही डाव्याच हाताने कागद घेतला. मनगट दाबून पाहिलं, "हं" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्यांना काहीच खटकलं नाही. खटकलं ते मला. वर्तनाचा रकाना भरायचं काम माझं, आणि माझा हात चांगल्या वळणाचा असल्यामुळे मी विचार करण्याआधीच त्याने लिहून टाकलं, "अर्जदाराने प्रत्यक्ष साहेबांस डाव्या हाताने कागद दिला. उद्धट." मी ते वाचून पाहिलं. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की खोडवेना.

पेन्शन सद्वर्तनी माणसालाच मिळते. ती मिळाली नाही आणि शेत भावाकडे गेलं.

गेल्या वैशाखात त्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. शालिग्रामने आग्रहाने बोलावलं म्हणून मीही गेलो. (त्याने माझ्यावर राग धरलेला नाही. माझी फार गैरसोय झाली त्यामुळे.) मंगलाष्टकं सुरू होण्याआधी एक बाई अक्षता वाटत आली. शालिग्रामचा उजवा तळवा वर होईना, तेव्हा त्याने डावा पुढे केला. बाई थोडी थांबली आणि त्याला वगळून पुढे गेली. ती सरकारी नोकर नव्हती. प्रत्येक "सावधान"ला मांडवभर अक्षता उडत होत्या, आणि सख्खा काका रिकाम्या हाताने पुतणीकडे पाहत उभा होता.

वाचकहो, एव्हाना तुम्ही माझ्यावर चिडला असाल, आणि ते योग्यच आहे. पण त्या मांडवात शालिग्रामच्या शेजारी तुम्ही उभे होता. त्याला वगळून बाईने अक्षता दिल्या त्या तुमच्या उजव्या हातात. तुम्ही त्या घेतल्या, आणि वेळ झाल्यावर टाकल्याही.