देवपुरातला सायकलवाला साहेब

माणसाची योग्यता तो काय कमावतो यावरून नव्हे, तर काय वाया घालवू शकतो यावरून ठरते, हे समाजशास्त्राचे मूलतत्त्व आहे. ज्याच्या घरी भरदिवसा दिवे जळतात तो सुखी. ज्याच्या रिकाम्या खोलीत एसी चालतो तो प्रतिष्ठित. आणि ज्याची गाडी दारात उभ्याउभ्या डिझेल पिते तो पुढारी. (यापैकी काहीच न परवडणाऱ्यास पर्यावरणप्रेमी म्हणतात.)

धुळ्याच्या देवपुरात हार्डवेअरचे दुकान चालवणाऱ्या कौतिकनानांना हे तत्त्व कोणी शिकवावे लागले नव्हते. साक्रीकडच्या पवनचक्क्यांवर आलेला डेन्मार्कचा इंजिनिअर आपला वरचा मजला भाड्याने मागतो आहे, हे कळताच नानांनी वर दोन एसी, गिझर आणि गल्लीतून दिसेल अशा बेताने वॉशिंग मशीन बसवले.

येन्ससाहेब आले ते रिक्षाने. आल्या आल्या त्यांनी जुनी सायकल विकत घेतली आणि कंपनीची मोटार परत पाठवली. सायकलने स्टँडवर जायचे, तिथून साक्रीची एस.टी. धरायची. एसी बंद, अंघोळ बादलीने, कपडे गच्चीवरच्या दोरीवर, भाजीला कापडी पिशवी. मायदेशातल्या सवयी ते इथेही सोडायला तयार नव्हते. वास्तविक माणूस परदेशी जातो तोच सवयी सोडायला.

"हाऊ साहेब शे का दूधवाला?" शेजारच्या तोतारामआबांनी ओट्यावरून विचारले.

"गाडी सर्व्हिसिंगले गई शे, आबा," नाना म्हणाले. ती पुढे सहा महिने सर्व्हिसिंगलाच होती.

नानांच्या पत्नी झुंबरबाईंना मात्र भाडेकरू फार आवडला. रात्रीची उरलेली भाकरी तो सकाळी स्वतः मागून नेई. "जावाई असा पाहिजे," असे त्या एकदा बोलून गेल्या, आणि नानांना त्या दिवशी जेवण गेले नाही.

कारण जावयाचा शोध खरोखरच चालू होता. मुलगी ममता बी.एड. झालेली, फावल्या वेळात येन्सना मराठी शिकवायची. तिच्यासाठी पाचोऱ्याच्या एका कापूस-व्यापाऱ्याकडून स्थळ आले. मुलगा गोपाल साक्रीच्या कॉलेजात प्राध्यापक, राहायला धुळ्यातच. "स्वतःच्या कारने जातो-येतो," असे वरपित्याने फोनवर दोनदा सांगितले. "आमच्याकडे वर फॉरेनचे साहेब असतात," असे नानांनी तीनदा सांगितले. रविवारी कार्यक्रम ठरला.

शनिवारी नाना जिना चढून वर गेले.

"येन्सभाऊ, उद्याच्या दिवस फक्त एसी लावा. अन् कंपनीची गाडी मागवा."

"गाडीने कुठे जायचे?"

"कुठेच नाही. दारात उभी करायची."

वाहनाच्या उपयोगांत हा उपयोग येन्सना कोणी शिकवला नव्हता. पण नानांचे डोळे भरून आले होते. "पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे हो," ते म्हणाले. येन्सनी मान डोलावली.

रविवारी दारात मोटार, आणि वर दोन्ही एसी चालू (गारवा गल्लीलाही कळावा म्हणून खिडक्या उघड्या). पाहुणे वरच्या दिवाणखान्यात बसले, पोहे फिरले, आणि कोट चढवून साहेब बाहेर आले. त्यांना पाहताच नवरदेव उठून उभा राहिला.

"अरे येन्स! तू इथे राहतोस? काल एस.टी. चुकली का? मी तुझी जागा धरून ठेवली होती."

नानांनी पोह्यांतला शेंगदाणा बारकाईने पाहायला घेतला. पण वरपित्याचे लक्ष नानांकडे नव्हतेच.

"तू एस.टी.नं जातोस? मग आपली गाडी?"

"खोलीखाली असते, पप्पा. तिच्यावर मी टॉवेल वाळवतो."

दोन्ही बापांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही मोटारी नुसत्याच उभ्या होत्या. सोयरिकीला याहून भक्कम पाया कोणता?

"मला मुलगा पसंत आहे," ममता दारातून म्हणाली. "आता तो एसी बंद करा, नाना. हुडहुडी भरली."

मुलांच्या हट्टामुळे लग्न पर्यावरणपूरक करायचे ठरले. पर्यावरणावरही भरपूर खर्च करता येतो, हे कळल्यावर दोन्ही बापांचा विरोध मावळला. पत्रिका बियांच्या कागदाची (प्लास्टिकच्या पाकिटात). मंडपाच्या तोंडाशी 'प्लास्टिक टाळा' असा तीस फुटी फ्लेक्स. वरात सायकलवर, आणि तिच्यामागे सायकलच्या वेगाने, काचा बंद करून, पाचोऱ्याच्या तमाम मोटारी. प्रमुख पाहुणे येन्स. त्यांना थर्माकोलची पवनचक्की भेट मिळाली.

जेवणे आटोपल्यावर येन्स मंडपात हिंडू लागले. खुर्च्यांखाली पाण्याच्या छोट्या बाटल्या पडल्या होत्या, जेमतेम एकेक घोट घेतलेल्या. ते एकेक उचलत आणि ममताच्या तालमीतल्या शुद्ध मराठीत विचारत, "ही आपली आहे का?"

"आपली नाही बुवा," तोतारामआबा म्हणाले.

"आमची तर नाहीच," वरपिता म्हणाला.

दुसऱ्याच्या वस्तूवर कोणीही हक्क सांगत नाही, हे पाहून येन्सना या देशाच्या प्रामाणिकपणाचे फार कौतुक वाटले. असे विचारत विचारत ते तुमच्या रांगेपर्यंत आले. तुम्ही मोबाइलमध्ये पाहत होतात. मान वर न करता तुम्ही पाय हळूच खुर्चीखाली नेलात आणि बाटली मागच्या रांगेत ढकललीत.