आपटेकर डॉक्टरांचा माफीचा राउंड

आमच्या खालच्या मजल्यावरचे आपटेकर डॉक्टर माफी मागायला जाताना आधी फोन करत नाहीत. फोन केला की लोक म्हणतात, "अहो, राहू द्या," आणि माफी राहूनच जाते.

डॉक्टरांनी चाळीस वर्षं पनवेलात वजन कमी करण्याचा दवाखाना चालवला. पेशंट आत आला की पहिलं वाक्य, "तोंड आवरा." निवृत्त झाल्यावर मात्र ते नवीन पुस्तकं वाचायला लागले आणि बिथरले. "अहो, उतरलेलं वजन शरीरच परत मागतं. भूक म्हणजे काही हावरटपणा नव्हे. आणि मी माणसांना लाज विकत बसलो!"

डॉक्टर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्याकडे दारफाळणीचा, म्हणजे पापक्षमेच्या दिवसाचा, कडक उपास असतो. त्याआधी ज्याला दुखावलं त्याच्याच तोंडावर माफी मागायची, देवाकडे परस्पर भागत नाही. यंदा डॉक्टरांनी जुन्या पेशंटांची यादीच केली. स्कूटर माझी.

खारघरला बाराव्या मजल्यावर जोशीबाईंनी दार उघडलं आणि त्या मटकन खाली बसल्या. "रिपोर्टमध्ये काही राहिलं होतं का हो?"

"रिपोर्ट नाही, माफी. चूक माझी, भूक तुमची."

"इश्श! थालीपीठ घ्या."

एका गावात म्हात्रेकाका तर चिडलेच. "डागतर, आमी तुमचं कंदी आयकलंच नाय, तं माफी कसली? बसा, तांदलाची भाकर हाय."

सगळीकडे हेच. माफी कोणी घेईना, आणि खाल्ल्याशिवाय कोणी सोडेना. पंधरा दिवसांत डॉक्टरांचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. "पेशंटांनी सूड उगवला," ते म्हणायचे, पण हसायचे नाहीत. माफी न घेतलेल्या नावावर ते काट मारत नसत.

त्या यादीत सुकापूरची शुभा होती. माझी सख्खी धाकटी बहीण. वीस वर्षांपूर्वी तिला स्थळ येणार होतं, म्हणून मीच तिला त्यांच्याकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "पोरी, मंडपात नवऱ्यालाही थोडी जागा ठेव." मी खो खो हसलो होतो. ती नाही.

त्यामुळे सुकापूरचं नाव निघालं की मी सांगायचो, रस्त्याचं काम चालू आहे. उपासाला तीन दिवस उरले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रस्ता होत नसेल तर मी चालत जातो." मग मी निमूट स्कूटर काढली.

शुभाने आम्हाला बसवलं. चहाचं विचारलं नाही. डॉक्टरांनी मंडपाचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि हात जोडले.

"लक्षात आहे माझ्या," ती म्हणाली. "त्यानंतर बाळंतपण सोडलं तर कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही मी. वर्षभर पाय सुजतायत. पण गेलं की आधी वजनच काढणार."

 डॉक्टर खुर्चीतून उतरून जमिनीवर बसले आणि तिच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. "शुभाताई, उद्या दाखवायला जाऊ. मी बरोबर येतो."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला तरुण डॉक्टर तिच्याकडे बघून सुरू झालाच, "आधी वजन कमी..."

"आधी तिचे पाय बघा!" आपटेकर डॉक्टर एवढ्या जोरात म्हणाले की बाहेरचा कंपाउंडर आत डोकावला.

पाय बघितले गेले. रक्त तपासायला सांगितलं. आम्ही बाहेर थांबलो. बाकावर ती आणि डॉक्टर, फाइल डॉक्टरांच्या मांडीवर, मी समोर उभा. मला राहवेना.

"शुभे, त्या दिवशी मीही हसलो होतो."

"माहितीये, दादा." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "डॉक्टरांना माझं घर माहीत नव्हतं. तू दर भाऊबीजेला येतोस."

 आपटेकर डॉक्टर हळूच उठले, फाइल माझ्या हातात दिली आणि तिच्या शेजारची जागा मला करून दिली.