सव्वीस फुटी ट्रकचा सार्वजनिक विनियोग

१९९६ सालच्या ऑगस्टमध्ये ज्ञानदेवला बॉथेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि त्याचं बिऱ्हाड न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरहून अमेरिकेच्या थेट दुसऱ्या टोकाला हलवणं क्रमप्राप्त झालं. बिऱ्हाड फार मोठं नव्हतं. बायको संघमित्रा, नऊ वर्षांची मुलगी दीक्षा, पुस्तकांची खोकी, दोन गाद्या आणि एक जेवणाचं टेबल.

टेबलाबद्दल थोडं सांगायला हवं. संघमित्राने ते लॅबमधल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलं होतं. अस्सल ओकचं, आठ माणसांचं. माणसं येतील असा तिचा अंदाज होता. मराठी मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव एकदा आलेही. भिंतीवरचे बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे फोटो पाहून ते ‘अच्छा, अच्छा’ म्हणाले, अर्धा कप चहा प्यायले आणि त्यांना अचानक एक काम आठवलं. ते काम पुढे चार वर्षं चाललं. मंडळातल्या इतरांनाही साधारण त्याच स्वरूपाची कामं निघत गेली आणि टेबलावर दीक्षा एकटी गृहपाठ करत राहिली.

“बाकी काही पोचलं नाही तरी चालेल,” संघमित्राने बजावलं, “पण टेबल पोचलं पाहिजे. तिकडे तरी ह्याच्यावर आठ पानं वाढीन मी.”

ज्ञानदेवने चौदा फुटी ट्रक आगाऊ आरक्षित केला होता. तो आणायला गेल्यावर काउंटरवरची बाई अत्यंत प्रसन्नपणे म्हणाली, “तुमचं रिझर्व्हेशन आहे. ट्रक नाही.”

“मग रिझर्व्हेशन कशाचं आहे?”

“ट्रक मिळावा या तुमच्या इच्छेचं. ती आमच्याकडे पक्की आहे.” आणि तिने त्याच भाड्यात सव्वीस फुटी ट्रकची किल्ली त्याच्यापुढे ठेवली. “आधी काय चालवलंय?”

“कोरोला.”

“तेच ते. फक्त मागे थोडं लांब आहे.”

त्याच आठवड्यात व्हिडिओच्या दुकानाने एक कॅसेट द्यायला त्याच्याकडे दोन ओळखपत्रं मागितली होती. ट्रकला एक पुरलं. ज्ञानदेवने तो बाहेर काढताना कंपनीच्याच फाटकाचा खांब किंचित वाकवला. बाईने आतून हात हलवला. खांब पूर्वीपासूनच त्या दिशेला झुकलेला होता, तेव्हा तिची तक्रार नसावी.

इथवर सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली. ज्ञानदेवने आनंदाच्या भरात आपला मित्र प्रफुल्लला सांगितलं, “यार, अर्धा ट्रक रिकामा जाणार.” प्रफुल्ल हे एका दुकानात बोलला. दुकान इंडियन ग्रोसरीचं होतं.

कोणी कुठे निघालं आहे हे कळलं की मराठी माणसाला त्या गावी आपलं काहीतरी राहिल्याचं तात्काळ आठवतं. विमानाने मुंबईला जाणाऱ्याच्या बॅगेत तो मावळा होऊन शिरतो. इथे तर चाकं असलेली बखळ निघाली होती. संध्याकाळपर्यंत फोनची रीघ लागली. ज्यांनी चार वर्षांत हॅलो म्हटलं नव्हतं ते ‘अरे ज्ञानदेव’ म्हणू लागले. पिट्सबर्गच्या भाच्याला मिक्सर. शिकागोच्या मंडळाला गणपतीचं थर्माकोलचं मखर, वजन नगण्य, आकार स्टेशन वॅगनएवढा. मिनिआपोलिसच्या मेव्हण्याला व्यायामाची सायकल. त्याला व्यायामाची सवय नव्हती, पण सायकल नसल्यामुळे नव्हती.

शनिवारी सकाळी मनोहरराव तीन सभासदांसह हजर झाले. ट्रक उपसमिती आदल्या दिवशीच स्थापन झाली होती.

“समाजाचं सामान आधी चढवू,” ते म्हणाले, “तुमचं शेवटी.”

“काका, ट्रक मी भाड्याने घेतलाय.”

“म्हणूनच! तुम्ही यजमान. आपल्यात यजमान पंगतीला शेवटी बसतो.”

चार वर्षांत ‘आपल्यात’ हा शब्द ज्ञानदेवच्या वाट्याला प्रथमच आल्यामुळे तो क्षणभर हळवा झाला. तेवढ्यात मनोहररावांनी नकाशा पसरला. “आणि वाटेत अटलांटाला एक हार्मोनियम टाकायची. हे बघा, अंगठाभर तर आहे.”

“तुमचा अंगठा चारशे मैलांचा आहे, काका,” प्रफुल्ल म्हणाला. हार्मोनियम फेटाळली गेली; उपसमितीच्या इतिहासातला तो एकमेव समंजस निर्णय.

सामान ज्ञानदेव, संघमित्रा आणि प्रफुल्ल चढवत होते. उपसमिती दिशा दाखवत होती. दुपारी ट्रकमध्ये नेमकी टेबलाएवढी जागा उरली, आणि मनोहररावांनी आपल्या व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत एक भलामोठा सागवानी देव्हारा होता. मिनिआपोलिसला, पुतणी शैलजासाठी.

“हा आला की झालं,” ते म्हणाले. “टेबल काय, तिकडे सेलमध्ये मिळतं.”

संघमित्राने ओढणी कमरेला खोचली. ज्ञानदेव आणि प्रफुल्ल देव्हाऱ्याकडे वळले.

“अहं, अहं!” मनोहरराव आडवे आले. “तुम्ही दोघं नको. म्हणजे तसं काही नाही हं. पॉलिश ओलं आहे.”

“कधी केलं?”

“मार्चमध्ये.”

दीक्षाने बोट लावून पाहिलं. “It's totally dry, काका.”

“लहान मुलांचं चालतं,” मनोहरराव शेवटी म्हणाले.

“मग दीक्षा उचलेल,” संघमित्रा म्हणाली.

आता गंभीर पेच उभा राहिला. ज्यांना हात लावता येत होता त्यांच्यात एकाची पाठ गेलेली होती, एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, एक फक्त निरीक्षक म्हणून आला होता आणि अध्यक्ष हे अध्यक्ष होते. ज्यांना उचलता येत होतं त्यांना पॉलिश आड येत होतं. उपसमितीने जागेवरच तातडीची बैठक घेतली.

“मुव्हर्स बोलवू,” ठराव आला.

“कोण असतील ते?” प्रफुल्लने विचारलं.

“कोणीही. अमेरिकन.”

“त्यांचा हात लागलेला चालतो?”

“अमेरिकनचं काय, चालतं.”

“ओल्या पॉलिशला?”

“प्रफुल्ल, तू विषय भलतीकडे नेतोस,” मनोहरराव कळवळून म्हणाले आणि मुव्हर्सना फोन करायला उपसमितीसह सोसायटीच्या क्लबहाउसकडे गेले. मुव्हर्स बुधवारपर्यंत मोकळे नव्हते. ही बातमी घेऊन ते परतले तेव्हा टेबल ट्रकमध्ये चढलेलं होतं, शटर खाली होतं, आणि संघमित्रा पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसली होती.

“चला,” ती म्हणाली. ज्ञानदेवने चुकून रिव्हर्स टाकला. उपसमितीने पाठ आणि हर्निया विसरून तो देव्हारा व्हॅनमधून चौघांत लीलया उचलला आणि बाजूला घेतला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. ट्रक चढावर दमायचा आणि उतारावर कोणाचं ऐकायचा नाही. गाडीत बसूनच खाणं घेता येतं अशा एका ड्राइव्ह-थ्रूमध्ये ज्ञानदेवने कॉफी मागितली आणि कॉफीबरोबर त्यांचं छप्पर थोडंसं सोबत आलं. पण खरी गंमत वेगळीच होती. पिट्सबर्गला मिक्सर उतरला आणि भाच्याने दोन पोती बासमती चढवला: “शिकागोला जाताच आहात तर!” शिकागोला मखर उतरलं आणि एक पाळणा, एक फ्रीज आणि झोपाळ्याच्या कड्या चढल्या. ट्रकमध्ये सामान कधीच कमी झालं नाही, फक्त मालक बदलत गेले.

मिनिआपोलिसला शैलजा पंचारतीसह फुटपाथवर उभी होती. “देव्हारा?”

“पॉलिश ओलं होतं,” ज्ञानदेव म्हणाला.

“काकांनी तर मार्चमध्येच केलं होतं ना? अजून वाळलं नाही?”

“काही पॉलिश पिढ्यान्‌पिढ्या वाळत नाहीत,” संघमित्रा म्हणाली. शैलजा दोन मिनिटं विचार करत राहिली, मग खजील होऊन तिने प्रवासाला थालीपिठं दिली. सोबत स्पोकेनसाठी एक शिलाई मशीन.

बॉथेलला पोचल्यावर संघमित्राने पहिलं काम केलं: टेबल मांडलं. दुसरं, बॉथेलच्या मराठी मंडळींसाठी वाटेत चढलेलं सगळं सामान गराजमध्ये बंद करून किल्ली दीक्षाच्या गळ्यात घातली. तिसरं, स्वयंपाक. रविवारी सामान न्यायला आठ कुटुंबांतून आठ जण आले. आठही जण घाईत होते.

“आधी जेवण, मग गराज,” संघमित्रा म्हणाली.

“आज माझा उपवास आहे हो, वहिनी.”

“साबुदाण्याची खिचडी केलीय.”

“गाडी भलतीकडे लावलीय.”

“दीक्षा, काकांना पार्किंग दाखव.”

“मी फक्त फ्रीज घेऊन निघतो.”

“फ्रीज पुढच्या रविवारी. तेव्हाही जेवायलाच यायचं.”

आठही जण बसले. पहिली पाच मिनिटं मीटिंगसारखी गेली. मग वांग्याच्या भाजीने आपलं काम केलं. कोणीतरी बाही वर सारली, कोणीतरी ठेचा मागितला, उपवासवाल्याने भाकरी मोडली. संघमित्रा वाढत फिरत होती आणि ज्ञानदेवला वाटलं, एवढ्यासाठी तो ट्रक अंटार्क्टिकालाही नेला असता.

तेव्हा दुसऱ्यांदा भात घेणारे एक गृहस्थ सहज म्हणाले, “बाकी, आडनाव काय म्हणालात तुमचं?”

संघमित्राने वरणाचं पातेलं उचललं.

“म्हणालो नाही,” ज्ञानदेव म्हणाला.

“वरण घ्या,” संघमित्रा म्हणाली. गृहस्थांनी वरण घेतलं. गराज अजून बंद होतं.

वाचकहो, ज्ञानदेवचं आडनाव या गोष्टीत कुठेच नाही, हे तुमच्या केव्हाच लक्षात आलेलं आहे. मनोहररावांचंही नाही. ते तुम्ही शोधलं नव्हतंत.