सासूबाईंच्या टॅबवरची शाळा

कंप्युटरच्या बाबतीत या शाळेत आपला हात धरणारा कोणी नाही, असं भाऊसाहेब छाती पुढे काढून सांगत. आणि समोरचा "हो का?" म्हणायच्या आत स्वतःच पुस्ती जोडत, "धरणार कोण? बाकीचे सगळे कामात असतात!" भाऊसाहेब म्हणजे शाळेच्या ऑफिसातले कारकून. (नाव होतं त्यांना, पण हजेरीपुस्तक सोडलं तर ते कुठे वापरात नव्हतं.)

झालं असं, की शाळेने आपलं सगळं दप्तर एका सर्व्हरवर नेऊन ठेवलं. सर्व्हर म्हणजे लांब कुठल्या तरी थंडगार खोलीत बसलेला एक जाडजूड कंप्युटर. ऑफिसातली मशीनं म्हणजे त्याच्याकडे बघायच्या नुसत्या खिडक्या. शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरवाल्याचा फोन आला.

"भाऊसाहेब, तुमची आठ लायसन्सं आली. तात्पुरता परवाना सोमवारी सकाळी संपतोय. सोमवारी ऑफिसातली आठही मशीनं एकदा जोडून घ्या, की मिटलं."

"आणि मला घरून एक पत्र पुरं करायचं असलं तर?"

"करा की! पासवर्ड आहे ना तुमच्याकडे?"

पासवर्ड होता. डोक्याचं तेवढं त्याने विचारलं नाही.

शनिवारी सकाळी भाऊसाहेबांनी बायकोच्या लॅपटॉपवर पासवर्ड घातला आणि काय सांगावं! शाळेतलं पत्र जसंच्या तसं समोर. 'आपणांस कळविण्यात येते की' इथपर्यंत लिहिलेलं, आणि त्या 'की'च्या पुढे ती बारीक रेघ लुकलुकतेय. भाऊसाहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. अंगावर काटा आला त्यांच्या.

"अगं, इकडे ये! काल साडेपाचला मी या 'की'वरून उठलो होतो. रात्रभर ही रेघ माझी वाट बघत थांबलीय!"

"मग आता पुढे लिहा," बायको म्हणाली.

पण चमत्कार बघितलेला माणूस पुढे लिहीत बसतो होय? तो दाखवत सुटतो. भाऊसाहेबांनी आधी शेजाऱ्यांच्या कंप्युटरवर तो 'की' दाखवला. मग मेहुण्याच्या फोनवर, मेहुणीच्या लॅपटॉपवर, चुलतभावाच्या घरी. न्हाव्याच्या दुकानात तर अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी न्हाव्याच्याच फोनवर शाळा उघडली, आणि न्हावी वस्तरा हातात धरून "अरे बाप रे" म्हणाला. औषधाच्या दुकानात गोळ्या घ्यायला गेले, तिथल्या मशीनवरही उघडली. रविवारी शेवटचा प्रयोग सासूबाईंच्या टॅबवर झाला.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. पत्र वाचलं.

"हे तुम्ही शुक्रवारपासून लिहिताय?"

"हो ना, आई! आणि बघा, कुठूनही उघडा, तेच दिसतं!"

"ते दिसतंच आहे. एवढंच झालंय."

सोमवार उजाडला. शाळा सोडल्याचे दाखले द्यायचा शेवटचा दिवस. तेवीस मुलांचे दाखले राहिलेले, आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या कॉलेजात प्रवेशाची खिडकी पाचला बंद व्हायची. व्हरांड्यातल्या बाकांवर आईबाप सकाळी नऊपासून बसलेले. भाऊसाहेबांनी ऐटीत मशीन लावलं. पडद्यावर पाटी आली: लायसन्स उपलब्ध नाही.

त्यांनी मशीन बंद करून चालू केलं. वायर काढून फुंकर मारली आणि परत खुपसली. दुसरं मशीन लावलं, तिसरं लावलं. (एकाला प्रेमाने थोपटलंसुद्धा.) आठही मशीनं एका सुरात तेच म्हणाली. तोवर मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. भाऊसाहेबांनी सर्व्हरवाल्याला फोन लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. आयुष्यात काही बटणं दाबायची नसतात, त्यातलं हे एक.

"लायसन्सं वाटून संपलीत, भाऊसाहेब. पहिली आठ मशीनं आली, त्यांना एकेक मिळालं."

"कुठली आठ? मी तर आत्ता आलोय!"

"थांबा, यादी वाचतो. एक, 'सौ.चा लॅपटॉप'. दोन, 'शेजार'. तीन, 'माझा फोन, भावजींनी हात लावू नये'. चार..."

"बास, बास!"

"वाचू द्या त्यांना," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या.

"...सहा, 'जेंट्स पार्लर'. सात, 'औषधाचं दुकान'. आठ, 'आईचा टॅब'."

व्हरांड्यात कोणीतरी खुदकन हसलं. भाऊसाहेबांना मात्र, अशा वेळीही, थक्क व्हायला झालं. कुठे तो थंड खोलीतला सर्व्हर, आणि त्याला न्हाव्यापर्यंत सगळं ठाऊक! चित्रगुप्तसुद्धा इतकी नीट नोंद ठेवत नसेल.

"अरे, मग घे ना परत!"

"दिलेलं परत घेता येत नाही. नवीन घालायची, तर मी बसमध्ये आहे. सहाच्या आत हात लावता येणार नाही. तोवर ज्याच्याकडे लायसन्स, तोच आत."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे या शाळेची मुख्याध्यापिका आत जाऊ शकत नाही, आणि तुमच्या सासूबाई जाऊ शकतात?"

"आजच्यापुरतं... तसंच म्हणावं लागेल, बाई."

बायको लॅपटॉप घेऊन कामाला परगावी गेलेली. मेहुणा फोन उचलेना. बाकीचे कोणी कामावर, कोणी प्रवासात. औषधवाल्याचं मशीन गिऱ्हाइकांच्या गर्दीत अडकलेलं, आणि न्हाव्याच्या फोनवरून दाखले काढायला मोठ्या बाई तयार होईनात. सासूबाई शाळेमागच्याच गल्लीत राहायच्या. भाऊसाहेब धावले.

"टॅब मी कोणाच्या हातात देत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मागे तुम्ही नीट करायला नेला होतात, तेव्हापासून मला त्यात सगळं उलटं धरून वाचावं लागतं. मीच येते."

आणि आल्या. ऑफिसात हाताची खुर्ची एकच, भाऊसाहेबांची. त्या तिच्यावर बसल्या, टॅब उलटा धरला, आणि पहिल्या झटक्यात शाळेचं दप्तर उघडलं. मोठ्या बाईंनी नकळत हात जोडले.

मग भाऊसाहेब उभे राहून नावं सांगताहेत, सासूबाई एका बोटाने टिपताहेत, आणि कोपऱ्यातला प्रिंटर दाखला बाहेर सोडतोय, असं सुरू झालं. एक बोट, पण चुकत नव्हतं.

"जन्मतारीख एकतीस जून," भाऊसाहेबांनी सांगितलं.

बोट थांबलं. "जूनला एकतीस कधीपासून?"

ही मुलगी व्हरांड्यात बसलेल्या एका शिंप्याची. तो दारातून आत वाकला. "आजी, तीस जून आहे हो! दोन वर्षं सांगतोय, इथे कोणी ऐकत नाही. ती तारीख घेऊन गेलो तर कॉलेजवाले पोरीला परत पाठवतील."

"इकडे या, मी ऐकते," सासूबाई म्हणाल्या आणि एकतीसचे तीस केले. शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या बाईंनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी प्रिंटरकडे बघितलं.

वीस दाखले झाले आणि टॅबने डोळे मिटायला घेतले. सहा टक्के चार्जिंग. चार्जर घरी, उशीखाली. लग्नानंतर भाऊसाहेब पहिल्यांदाच इतके पळाले. घामाघूम होऊन परत आले तेव्हा दोन टक्के उरले होते आणि मोठ्या बाई पुठ्ठ्याने टॅबला वारा घालत होत्या.

पाचाला दहा कमी असताना तेविसावा दाखला निघाला. शेवटची आई तो छातीशी धरून पळाली. भाऊसाहेब भिंतीला टेकून बघत राहिले. साताठशे पोरांची शाळा एका उलट्या टॅबमधून, एका बोटाने, एका म्हातारीने पार नेली होती. बावीस वर्षांत सासूबाईंकडे त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. खरं तर नजर वर करून बघायची हिंमतच झाली नव्हती.

सासूबाईंनी चार्जर गुंडाळला. "आता ही तुमची शाळा माझ्या टॅबवरून काढा."

भाऊसाहेब नरमाईने म्हणाले, "आई, शाळा काढेन, पण लायसन्स लगेच निघत नाही. एकदा दिलं की ते चिकटतं. अडीच महिने गेले की आपोआप सुटतं."

सासूबाई उठल्या. टॅब पिशवीत ठेवला. दारापाशी वळल्या.

"अडीच महिन्यांत सुटतं? बरं आहे. मी मुलगी दिली त्याला बावीस वर्षं झाली. ती कधी सुटते, तेवढं त्या सर्व्हरवाल्याला विचारून ठेवा."