एक किलोमीटरच्या आत

आमच्या मनीषनगरात गुलाबराव काकाजींना पत्ता विचारायची चूक फक्त नवखा माणूस करतो. "डेअरी? हे काय, दोनशे अकरा पावलं. खड्डा चुकवला त दोनशे चौदा." भूमापन खात्यात जन्मभर साखळी ओढून काकाजी निवृत्त झाले, पण त्यांच्या पायांना ते कोणी कळवलेलंच नाही. आपण नुसतं "जवळच आहे" म्हटलं तरी ते भडकतात. "अंदाजानं काहून बोलतं गा? मोजलं काय?"

मागच्या वर्षी त्यांची नात इरा पहिलीत जायची झाली. मुलगा कापडाच्या दुकानात कामाला. जवळच्या इंग्रजी शाळेची फी विचारून आला आणि ताटावरून तसाच उठला. मग कोणीतरी सांगितलं, खाजगी शाळांत काही जागा सरकारी सोडतीनं मिळतात, आठवीपर्यंत फुकट. घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलं तर पहिला मान.

अंतर! काकाजी उजळलेच. घर ते शाळा त्यांनी तीनदा मोजलं. दरवेळी किलोमीटरच्या वर शंभरेक पावलं. चौथ्यांदा ढांगा टाकल्या, कंबर धरली. शेवटी मी मोबाइलवर नकाशा उघडला. आठशे मीटर.

"हे कसं काय?"

"तो वरून मोजतो, काकाजी. सरळ रेषेत."

"वरून? माणूस काय कावळा हाय?" मग फायदा लक्षात आला. "चालते. शासन म्हणते त कावळा."

इराचा अर्ज शेजारी माझ्याच घरी भरला. दुसऱ्या दिवशी काकाजी माझ्याकडे बसलेले असताना कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला राजेश आपल्या परीला घेऊन हजर. परी म्हणजे इराची जिवलग मैत्रीण. त्यानं कुठल्याशा दुकानातून अर्ज भरला होता, अजून पक्का केला नव्हता. नकाशावर घराची खूण भलतीकडेच, रेल्वेलाइनच्या पलीकडे पडली होती. अंतर दीड किलोमीटर.

मी काकाजींना आतल्या खोलीत नेलं. "शाळेत जागा मोजक्याच आहेत. खूण तशीच राहिली तर इराच्या वाटेत एक नाव कमी."

काकाजी म्हणाले, "पण अंतर चूक हाय न गा?"

बाहेर येऊन त्यांनी चष्मा चढवला आणि बोटानं ती खूण राजेशच्या खोलीवर आणून ठेवली.

सोडत लागली. परीचा नंबर लागला. इरा प्रतीक्षा यादीत, तीही पार तळाला.

राजेश संत्रा बर्फी घेऊन आला; खूण काकाजींनी बसवून दिली, हे त्यानंच सांगितलं. काकाजींच्या सूनबाईंनी डबा हसून घेतला, पण सासऱ्यांशी आठ दिवस बोलल्या नाहीत. चहा यायचा, कप टेबलावर जरा जोरात आदळायचा, एवढंच. डेअरी किती पावलं, असं मी काकाजींना मुद्दाम विचारलं. "असंल जवळच," म्हणाले. मला भीतीच वाटली.

एका संध्याकाळी ते गच्चीवर एकटे दिसले. मी जवळ गेलो.

"एक सांगू काय? कोणाले बोलू नको," ते म्हणाले. "त्या दिवशी माझं बोट थांबलं होतं गा. मनात आलं, राहू दे खूण तिकडंच. माझी इरा जाईन शाळेत. अन् ते पोट्टी समोर उभी. मले म्हणे, आबा, माझं घर सापडलं काय?"

त्यांनी तेच बोट वर केलं. "मंग काय करतो?"

तेवढ्यात इरा धावत वर आली. गळ्यात लाल टाय, नव्या शाळेचा.

"आबा, पाहा! परीनं मले घालून देला. थोडा वेळ ठेव म्हणे."

काकाजी गुडघ्यांवर बसले. टायची गाठ सरळ केली, फ्रॉकची कॉलर त्याच्यावर नीट बसवली. "लय सुंदर दिसून राहिली वं माय," म्हणाले. मग टाकीत पाणी किती आहे ते पाहायला म्हणून उठले, आणि झाकण उघडून आमच्याकडे पाठ करून बराच वेळ तिथेच उभे राहिले.