बोदवडचं भरीत, धुळ्याची गल्ली

धुळ्यातले आमचे शेजारी नाना भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी तीन माणसं बोलवायचे. एक खिळा धरायला, दुसरा तो सरळ आहे का बघायला आणि तिसरा "वाकडाच दिसतोय" म्हणायला. त्या तिसऱ्याशिवाय कामाला रंगत येत नाही, असं त्यांचं मत. "एकला मानूस काय कामना?" हे पालुपद दिवसभर चालू.

नव्वदच्या सुमारास त्यांच्याकडे फोन आला. नानांना वाटलं, चला, आता परगावची माणसंही हाताशी आली!

एका सकाळी त्यांच्या मुलीचा, लताचा, फोन आला. लग्नानंतर ती पहिल्यांदाच सासरी, बोदवडला, भरीत करणार होती. तेही सगळ्या भाऊबंदांसाठी. भरितावर जीव टाकणाऱ्या बोदवडकरांना धुळ्याच्या सुनेनं भरीत खाऊ घालायचं म्हणजे परीक्षाच!

नाना दारात जाऊन ओरडले, "बठ्ठा या रे! लताकडे भरीत शे!"

सगळी गल्ली धावली. समोरच्या अक्का तर हातातल्या लाटण्यासकट आल्या.

"कपाशीच्या काड्यांवर भाज म्हणावं, गॅसवर नको!"

"मिरच्याही भाजूनच घे!"

"शेंगदाणे घाल," अक्का म्हणाल्या. "अजिबात नको," मी म्हणालो. आमची जुंपली. नानांनी दोन्ही मतं इमानदारीनं फोनवर पोचवली. पलीकडून लताच्या सासूबाई कडाडल्या, "शेंगदाण्याशिवाय भरीत असतं का हो?" झालं! त्याही आमच्यात सामील झाल्या. त्यांच्या हुकमानं दीर काड्या पेटवायला पळाला, जावा वांगी सोलायला बसल्या.

दुपारी पुन्हा फोनची घंटी वाजली. बोदवडला परातीत बोटभरही भरीत उरलं नव्हतं. लता खळखळून हसत होती. गल्लीनं टाळ्या पिटल्या आणि जो तो आपल्या घरी गेला.

मी मागे रेंगाळलो. लता शाळेत असतानाच तिची आई गेली. तेव्हापासून या घरची चूल लतानंच सांभाळलेली. "नाना, तिच्या हातचं भरीत मी कितीदा खाल्लंय. तिला काय शिकवायचं होतं?"

नानांनी फोनवरचं फडकं सारखं केलं.

"तिले बठ्ठं येस, भाऊ. पन सकाळी तिना आवाज कापत व्हता. नवं घर, तठे ती एकली. म्हणून आपन बठ्ठा तिनापाशी जाई बसनूत."

एवढं बोलून ते स्वयंपाकघरात गेले. फळीवरून एकच ताट काढल्याचा आवाज आला.

घरी माझं जेवण झाकून ठेवलेलं होतं. तरी मी आत गेलो आणि म्हणालो, "नाना, माझंही वाढा."