सरचं लाल फडकं

आमच्या सरनं दाराला लाल फडकं बांधलं की सगळ्या गल्लीनं हळू चालायचं. शेळीनं बी.

सर लोह्याकडचे, लातुरात कालेजात शिकवायचे. लातूर तवा नवं नवं जिल्हा झालेलं. माझ्या परसातली खोली त्यांनी भाड्यानं घेतली, खिडकीवर माझीच वाकळ ठोकली अन् आत कोंडून घेतलं.

"काय करून राहिलात, सर?"

"उजेड शिकून राहिलोय, मावशी."

"मग अंधार कशाला?"

"उजेडाला अंधारातच गाठावं लागतं."

आत ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर वाळूची पेटी, पेटीत आरशाचे तुकडे. एका नळीतून सुतावानी लाल उजेड निघायचा. तेचा काचंवर फोटो उठला की सरला मोठी डिग्री. पर इतकुसं हाललं की काच वाया. सर भुईवर तळहात टेकून बघायचे अन् भाईर येऊन म्हनायचे, "मावशी, हालून राहिलंय."

हालवायचं ते माझं जातं. मालक गेल्यावर मी लोकाच्या तुरी भरडून पोट भरायची. म्हनलं, "बहात्तरच्या दुष्काळात मी रोडावर खडी फोडली, सर. तवा कुनाचा उजेड हालला न्हाई."

"तवा मी मोजत नव्हतो, मावशी."

शेवटी ठरलं, फडकं बांधलं की जातं बंद.

त्या साली पाऊस न्हाई. बायका घागरी घेऊन गल्लोगल्ली हिंडायच्या. ती उजेडाची नळी सरनं नांदेडहून पंधरा दिसासाठी मागून आनलेली. शेवटच्या दिशी फडकं बांधलं, अन् तवाच गल्लीत बोर पाडायची गाडी आली. आठ दिस आमी तिची वाट बघितलेली.

शेजारीन म्हनली, "आता हे मास्तर गाडी माघारी धाडतंय बघ."

सर भाईर आले. गाडी बघितली, घागरी बघितल्या. आपल्या हातानं फडकं सोडलं.

"पाडा," म्हनले.

दुपारी पानी लागलं. सरची काच कोरी निघाली, डिग्री लांबली. मी इचारलं तर एवढंच म्हनले, "आई दोन कोसावरून पानी आनायची, मावशी. वर पहाटं दळायची. मी तिच्या मांडीवर झोपायचो."

पुढं डिग्री झाली. सर नांदेडला लई मोठे परफेसर झाले. केसाचे हजार तुकडे करावे, तसलं बारीक काय तरी बघतेत म्हनं. लगीन केलं न्हाई.

परवा आले. डोकं पांढरं झालंय. म्हनले, नवी प्रयोगशाळा बांधली, पार भुईच्या पोटात. तिथं कायच हालत न्हाई.

"अन् घरी?"

"घरी बी न्हाई."

चहा झाला तरी उठंनात. मग कोपऱ्यातल्या जात्याकडं बघून म्हनले, "मावशी, ओढता का जरा?"

गुडघे गेलेत माझे, पर बसले. पसाभर तूर घातली. सरनं शेजारी भुईवर तळहात टेकला.

मी इचारलं, "हालून राहिलंय का?"

"हाव," म्हनले. "हालू द्या."